पकडीच्या बाजूचा दात

हदीर दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला होती, तेव्हाच गल्लीनं तिला डॉक्टर करून टाकलं होतं. कुणाची दाढ ठणकली की माणूस गालाला हात लावून थेट तिच्या दारात. तिला बिचारीला तेव्हा दाढ कुठली नि सुळा कुठला एवढंच कळत होतं. पण कैरोतल्या रोद अल-फरागच्या त्या गल्लीतून डॉक्टर होणारी ती पहिलीच. त्यामुळे तिनं नुसतं तोंडात डोकावून "हं" म्हटलं तरी अर्धं दुखणं पळायचं.

समोरच्या इमारतीत उम्म शुरूक राहायची. हदीरची आई गेली त्या वर्षापासून समोरच्या घरात जे शिजेल त्यातलं एक ताट रस्ता ओलांडून हदीरकडे येत असे. मुलूखियाची पातळ भाजी असली तर ती, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात असला तर तो. ताट घेऊन यायची शुरूक, उम्म शुरूकची एकुलती एक मुलगी; उम्म म्हणजे आई, लेकीच्याच नावानं गल्ली तिला हाक मारी. वयानं हदीरहून थोडी लहान आणि तोंडानं तिच्या चौपट. ताट ठेवून निमूट परत गेली असं कधी झालं नाही.

"खा डॉक्टरीणबाई, खा," ती म्हणायची. "आज आमच्या घरचं खा आणि उद्या आमच्याच दाढा उपट. झक्कास धंदा शोधलास."

तिचे स्वतःचे दात मात्र झक्कास नव्हते. वरचे समोरचे दोन एकमेकांवर चढलेले, एका खोलीत दोन बिऱ्हाडं कोंबल्यासारखे. शुब्रा रस्त्यावरच्या कापडाच्या दुकानात ती विक्रीला उभी असे, तिथंही हसताना हात तोंडावर जाई. एवढी बडबडी पोरगी, पण हसायची वेळ आली की पडदानशीन. मग मागच्या गल्लीतल्या हुसामशी तिचं लग्न ठरलं. तो कुवेतला नोकरीला होता, लग्नाला अजून अवकाश होता, आणि शुरूकनं मनाशी पक्कं केलं की नवरीच्या खुर्चीत बसायचं तर हात मांडीवर ठेवून बसायचं.

तोवर हदीर खरीखुरी डॉक्टर झाली होती. नाईलकाठच्या एका मोठ्या दंतरुग्णालयात ती वेडेवाकडे दात सरळ करायचं पुढचं शिक्षण घेत होती. तिचे मार्गदर्शक डॉ. इस्मत यांनी तिच्या प्रबंधासाठी एक अभ्यास आखला होता, आणि त्या अभ्यासाला तोंडं हवी होती. हो, तोंडंच. विभागात सगळे तसंच म्हणत, "किती तोंडं मिळाली?"

अभ्यास होता सिरॅमिकच्या ब्रॅकेटचा. तार धरून ठेवायला दातावर चिकटवतात त्या या चौकोनी टिकल्या. सिरॅमिकच्या असल्या की दाताच्याच रंगाच्या, चार हातांवरून दिसतही नाहीत, म्हणून उपवर मुली त्यांच्यावर जीव टाकतात. लावायला सुरेख आणि काढायला महाद्वाड. धातूची टिकली पकडीत दाबली की वाकते आणि सुटते. सिरॅमिकला वाकणं ठाऊक नाही. पकडीनं दाबलं की कधी तिचाच भुगा होतो, आणि कधीमधी ती दाताच्या एनॅमलचा लचका घेऊन निघते. लेझरचं तसं नाही. लेझरनं खालचं सिमेंट मऊ पडतं आणि टिकली पिकल्या फळासारखी अलगद हाती येते. डॉ. इस्मतना हेच सिद्ध करायचं होतं. विभागासाठी ते महागडं यंत्र त्यांनी भांडून मागवलं होतं आणि आता ते उपयोगाचं आहे हे जगाला दाखवणं भाग होतं.

सिद्ध करायचं तर तुलना हवी. म्हणून त्यांनी प्रत्येक तोंडाची वाटणी केली होती. अर्ध्या तोंडाच्या टिकल्या लेझरनं काढायच्या, अर्ध्याच्या पकडीनं. कुठलं अर्धं कशानं, ते नाणं उडवून ठरायचं. माणूस तोच, दात तेच, तेव्हा निकालावर शंका घ्यायला जागा उरत नाही. ही रीत शास्त्रात फार चांगली मानतात. ज्याचं तोंड असतं त्याला ती कशी वाटते हे विचारायची रीत मात्र अजून निघालेली नाही.

हदीरनं उम्म शुरूकच्या स्वयंपाकघरात बसून शुरूकला या अभ्यासात घेतलं. समोर वांग्याचं भरीत, पोळ्या, मुळ्याच्या फोडी.

"सगळं फुकट, मावशी," ती म्हणाली. "पांढऱ्या टिकल्या, तार, सगळं. फक्त शेवटी काढताना आमच्या अभ्यासात तिचं नाव येईल."

"काढताना दुखतं का गं?" उम्म शुरूकनं विचारलं. "माझ्या भाचीच्या काढल्या तेव्हा पोरगी आठवडाभर पेजेवर होती."

"लेझरनं काढतात आता, मावशी. कळणारसुद्धा नाही तिला."

"आणि दाताला काही?"

"माझ्या हातून शुरूकच्या दाताला काही होईल का?"

उम्म शुरूकनं तिच्या तोंडात घास भरवला आणि विषय संपला. अर्ध्या तोंडाला पकड लागेल हे हदीर सांगणार होती. घास गिळून सांगणार होती. पण शुरूक मध्येच ओरडली, "लेझर! म्हणजे माझे दात आता सिनेमातले!" आणि मायलेकी अशा हसायला लागल्या की हदीरला त्यावर पाणी ओतवेना. रुग्णालयातल्या कागदावर तसं लिहिलेलं होतंच. शुरूकनं त्यावर न वाचताच सही केली, जशी तिथं प्रत्येक जण करतो.

दोन वर्षं हदीरनं त्या तोंडावर जीव ओतला. चढलेले दात खाली आले, वळलेले वळणावर आले. हुसामच्या रजेची तारीख पक्की झाली आणि लग्न ईदनंतरच्या आठवड्यात ठरलं. टिकल्या काढून घ्यायला हव्यात असं शुरूकनं टुमणं लावलं आणि हदीरलाही ती हवीच होती, कारण अभ्यासातलं ते शेवटचं तोंड होतं.

अभ्यासाचं मात्र काही खरं नव्हतं. लेझरच्या बाजूला दुखलं नव्हतं, हे ठीक. पण पकडीच्या बाजूलाही म्हणावं तसं दुखलं नव्हतं. दोन-तीन टिकल्यांचा भुगा झाला, पण दात सगळे धडधाकट. हदीरचा हात हलका होता, हीच पंचाईत. डॉ. इस्मत आकडे बघून रोज थोडे आंबट होत.

"हे छापायचं काय म्हणून?" ते एकदा म्हणाले. "पकड बरी आहे म्हणून? ते माझ्या आजोबांनाही ठाऊक होतं."

प्रबंध पडला तर शिष्यवृत्ती गेली, रुग्णालयातली जागा गेली आणि मग गल्लीच्या तोंडावर भाड्याच्या गाळ्यात दाढा उपटत आयुष्य काढायचं, हे हदीरला सांगायला कुणी लागत नव्हतं.

शुरूक आली ती थेट मेंदीवाल्या बाईकडून वेळ ठरवून. खुर्चीत टेकताच तिची टकळी सुरू झाली. हुसामनं कुवेतहून आणलेलं अत्तर कसं उग्र आहे, सासूनं पडद्यांचा रंग कसा नापसंत केला, आणि लेझरसाठी डोळ्यांवर चढवलेल्या हिरव्या चष्म्यात ती स्वतः कशी बेडकासारखी दिसते. डॉ. इस्मत आत आले, खिशातून नाणं काढलं आणि उडवलं. नाण्यावरच्या राजाच्या मुखवट्याची बाजू वर आली. म्हणजे उजवीकडे लेझर, डावीकडे पकड.

उजवी बाजू हा हा म्हणता झाली. पाण्याचा फवारा, बारीक टिकटिक, आणि एकेक टिकली स्वतःहून उतरल्यासारखी उतरत गेली.

"एवढंच?" शुरूक चूळ भरून म्हणाली. "एवढ्यासाठी मी रात्रभर आईचं डोकं खाल्लं? भुवया कोरताना याहून जास्त ओरडते मी."

हदीर हसली. मग तिनं डावी बाजू हवेच्या झोतानं कोरडी केली, दिवा जवळ ओढला, आणि तिचा हात थांबला. डाव्या समोरच्या दाताला टिकलीच्या वर, हिरडीकडे, एक उभी रेघ होती. केसाएवढी. ओला दात असताना ती दिसली नसती. पण आता दिसत होती, आणि एकदा दिसलेली गोष्ट न दिसल्यासारखी करता येत नाही.

त्या रुग्णालयात रुग्णाच्या डोक्यावरून बोलायचं असलं की डॉक्टर इंग्रजीत बोलतात. हदीरही इंग्रजीत बोलली.

"सर, या समोरच्या दाताला तडा आहे. आपण बघता का?"

डॉ. इस्मतनी वाकून बघितलं. "बरं मग?"

"पकड लावली तर कपचा निघू शकतो."

"कैरोत एक माणूस दाखव, ज्याच्या दाताला रेघ नाही. मी हा डगला उतरवतो आणि पुलावर भाजकी रताळी विकायला बसतो."

"हा एकच दात लेझरनं काढू का, सर?"

"मग डावी बाजू पकडीची कशी राहिली? आपण नाण्याला विचारलं, नाण्यानं सांगितलं. मध्येच दया आली म्हणून तू बाजू बदललीस तर त्याला अभ्यास म्हणत नाहीत, पोरी. त्याला शेजारधर्म म्हणतात."

"मग हिला वगळू या. तडकलेला दात घ्यायचा नाही असं आपणच ठरवलंय."

"वगळ की," डॉ. इस्मत मऊ आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला की विभागातले लोक भिंतीला लागत. "एक तोंड कमी पडलं म्हणजे नवं तोंड शोध. त्याला टिकल्या चिकटव. दोन वर्षं वाट बघ. बसशील दोन वर्षं?"

शुरूक खालून आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. ओठ मागे ओढून धरणाऱ्या चापामुळे तिला बोलता येत नव्हतं, तरी तिनं भुवया उंचावून विचारलंच, काय म्हणतायत? हदीर म्हणाली, "काही नाही. बाकीच्या टिकल्या हातानं काढायच्या आहेत. थोडं दाबल्यासारखं वाटेल."

नाही म्हणायला तिला फारसं काही करावं लागलं नसतं. पकड ताटात ठेवायची होती. तेवढंच. डॉक्टर चिडले असते, प्रबंध लांबला असता, आणि शुरूकचा दात शाबूत राहिला असता. पण हदीरनं पकड उचलली. दाढांकडून सुरुवात केली, एकेक करत पुढे आली, आणि प्रत्येक टिकली नीट सुटली तशी तिला वाटायला लागलं की हीही सुटेल. माणूस स्वतःला असंच चुचकारत पुढे नेतो. शेवटी तो दात उरला. तिनं पकडीची टोकं टिकलीच्या दोन कडांना लावली आणि दाबलं.

भाजका हरभरा फुटावा तसा आवाज झाला. शुरूक खुर्चीत ताठ झाली, तिचे दोन्ही हात हवेत उडाले आणि घशातून एक विचित्र आवाज निघाला. पकडीत टिकली अख्खी होती. तिच्या पाठीला नखाच्या कोरीएवढा पांढरा कपचा चिकटलेला होता.

हदीर घाईनं कापूस शोधायला लागली. डॉ. इस्मतनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब. आधी फोटो," ते म्हणाले. "भरण्याआधी."

आणि त्यांनी स्वतः आरसा धरला, स्वतः दिवा वळवला. शुरूक तोंड वासून पडली होती आणि तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांत चाललं होतं. हदीरनं फोटो काढले. एक समोरून, एक बाजूनं, एक अगदी जवळून. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसू फुटलं. जाताना ते म्हणाले, "बघ, दोन वर्षांत एक निकाल मिळाला. आणि तू तो वगळायला निघाली होतीस."

चाप निघाल्यावर शुरूकनं जीभ दाताला लावली आणि तिचा चेहरा उतरला.

"हदीर, खड्डा आहे गं इथं. काय झालं? लेझर होतं ना?"

हदीरचं उत्तर तयार होतं. इतकं तयार की तिची तिलाच भीती वाटली.

"तुझा दात आधीच तडकलेला होता, शुरूक. आतून. बिया फोडतेस ना सारख्या? त्यानंच झालं असणार. कधी ना कधी तुटणारच होता."

शुरूकला ते लगेच पटलं. भोपळ्याच्या भाजक्या बिया समोरच्या दातांनी फोडायची सवय तिला होती, तशी ती सबंध कैरोला आहे. खोटं सांगणाऱ्याच्या नशिबानं आरोपी स्वतःहून चालत येतो तो असा.

"आई म्हणायची," ती पुटपुटली. "नको फोडूस, नको फोडूस. माझंच तोंड चालतं ना सारखं. तुझा अभ्यास तर नाही बिघडला?"

"नाही," हदीर म्हणाली.

तिनं तो दात भरला. असा भरला की आयुष्यात दुसरा कुठला तसा भरला नसेल. चार रंग एकावर एक चढवले आणि शेजारच्या दाताची चमक यात आणली. काम संपलं तेव्हा शुरूकलाही कुठलं तिचं नि कुठलं भरलेलं ते आरशात सांगता येईना. तिनं हदीरच्या गळ्यात हात टाकले आणि थँक्यू म्हणाली. घरी उम्म शुरूकनं बियांची बरणी रिकामी करून लेकीला चार शब्द सुनावले आणि हदीरला निरोप धाडला, "तू होतीस म्हणून दात वाचला, पोरी. दुसऱ्या कुणी उपटून हातात दिला असता."

लग्न झालं. नवरी हात मांडीवर ठेवून बसली आणि तोंड भरून हसली. सरबताचा पहिला घोट घेताना मात्र तिचा डोळा बारीक झाला, कारण त्या दाताला आता गार सोसत नव्हतं. ते फक्त हदीरनं बघितलं. रजा संपल्यावर हुसाम कुवेतला गेला आणि शुरूक व्हिसाची वाट बघत आईकडे राहिली. दारात भेटली की म्हणायची, "सोडल्या हं बिया. शप्पथ." प्रत्येक वेळी हदीरला वाटायचं, आता सांगून टाकावं. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "शाब्बास."

प्रबंधाची परीक्षा हिवाळ्यात ठरली. ती परीक्षा तिथं चारचौघांत होते. परीक्षक स्टेजवर झगे घालून बसतात, उमेदवार उभा राहून उत्तरं देतो, आणि खाली त्याचे आईबाप, मावश्या, शेजारी, सगळं गणगोत लग्नाला आल्यासारखं नटून बसतं. गोड पदार्थांचे डबे, रसाचे खोके, फुलं. निकाल सुनावला की बायका जिभेनं लांब ललकाऱ्या काढतात, लग्नात काढतात तशाच. हदीरला आई नव्हती, म्हणून उम्म शुरूकनं आईची खुर्ची धरली. सकाळपासून रव्याचा गोड बसबूसा भाजून, तो डबा मांडीवर घेऊन ती तिसऱ्या रांगेत बसली. शेजारी शुरूक.

हदीरनं तिला येऊ नकोस असं म्हणून बघितलं होतं. "सगळं इंग्रजीत असतं गं, कंटाळशील."

"झगा घालून तुझी बोबडी वळताना बघायचीय मला," शुरूक म्हणाली होती. "कंटाळते कशाला?"

सादरीकरण इंग्रजीतच झालं आणि खालची गल्ली कौतुकानं काहीही न कळता ऐकत राहिली. मग तो फोटो आला. एक दात, भिंतीएवढा. मधोमध पांढरा खड्डा. उम्म शुरूकनं "या रब्बी, देवा रे" म्हणून तोंडाला ओढणीचं टोक लावलं. फोटोत फक्त दात होते आणि मागे ओढलेले ओठ. पण वरच्या ओठाच्या कडेला एक तीळ होता. फोटो कापताना तो हदीरच्या नजरेतून सुटला होता. खाली शुरूकचा हात सावकाश वर आला आणि आपल्या ओठाच्या कडेला लागला.

अलेक्झांड्रियाहून आलेल्या परीक्षक डॉ. सफिनाझ वयस्क बाई होत्या आणि त्यांना इंग्रजीत भाषण ठोकायची हौस नव्हती. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि सरळ घरच्या बोलीत विचारलं, जे शेवटच्या रांगेतल्या चहावाल्यालाही कळलं असतं.

"बाळ, तुझा सगळा प्रबंध या एका दातावर उभा आहे. तेव्हा नीट सांग. हा दात आधीपासून तडकलेला नव्हता ना? तडकलेला असेल तर दोष पकडीचा नाही. आणि तो अभ्यासात घ्यायलाच नको होता."

परीक्षकांतच बसलेले डॉ. इस्मत पेन्सिलीकडे बघत होते. हदीरनं तिसऱ्या रांगेकडे बघायचं टाळलं आणि नेमकं तिकडेच बघितलं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "दात पूर्ण निरोगी होता. मी स्वतः तपासला होता."

"बिया फोडायची सवय वगैरे? आपल्याकडे सगळे फोडतात."

"विचारलं होतं. तसं काही नव्हतं."

"उत्तम," डॉ. सफिनाझ म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.

परीक्षक विचारविनिमयाला आतल्या खोलीत गेले. लोक उठले, डबे उघडले, गलका झाला. शुरूक पायऱ्या चढून थेट स्टेजवर आली. हदीरनं तिचं मनगट धरलं आणि तिला पडद्याकडे ओढलं.

"आत्ता नको, शुरूक. तुझ्या पाया पडते. ते आत बसलेत."

"मला ठाऊक आहे ते कुठं बसलेत. दार ढकललं की झालं." शुरूकचा आवाज चढला नव्हता. तिचा आवाज चढला नाही असं हदीरनं आजवर बघितलं नव्हतं. "मला एवढंच सांग. मला सांगितलंस आधीच तडकलेला होता. त्यांना सांगितलंस धडधाकट होता. खोटं कुणाला सांगितलंस? मला की त्यांना?"

हदीरनं घाईघाईनं विचार केला. शुरूकला खोटं सांगितलं असं तिच्या तोंडावर म्हणायची तिची हिंमत होईना. त्यापेक्षा परीक्षक बरे.

"त्यांना," ती म्हणाली. "तुला खरं तेच सांगितलं होतं. रेघ होती, शुरूक. देवाशपथ होती. मी बघितली होती."

"बघितली होतीस," शुरूक म्हणाली.

तेव्हा कुठे हदीरला कळलं की ती काय बोलून बसली.

"आधी बघितली होतीस, आणि तरी दाबलंस. तेव्हा दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होतात ते हेच ना? आणि मी वेडी तुला विचारत होते, तुझा अभ्यास तर नाही बिघडला? सहा महिने बिया सोडल्या मी. आईनं मला ऐन लग्नात बोल लावले. माझं तोंड, आणि दोषही माझाच!"

"त्यांनी मला—"

"त्यांच्या घरी मी ताट नेलं नव्हतं, हदीर."

दार उघडलं. परीक्षक बाहेर येत होते. खाली सगळे धडपडत उभे राहिले. शुरूक तिथंच उभी होती, डॉ. सफिनाझपासून दोन हातांवर, आणि तिला एक वाक्य बोलायचा अवकाश होता. डॉ. इस्मतनी कागद वाचला. पदवी मंजूर, श्रेणी उत्कृष्ट, प्रबंध छापावा अशी शिफारस.

गल्लीनं टाळ्यांचा कडकडाट केला. ललकारी काढायचा मान आईचा, पण उम्म शुरूकला रडू आवरेना. तिला श्वासच धरता येईना. तिनं खालून हात हलवून ओरडून सांगितलं, "शुरूक! तू काढ गं! माझ्याच्यानं होत नाही!"

शुरूकनं हदीरकडे बघितलं. मग तिनं मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि ललकारी काढली. सभागृह दणाणून गेलं. ती काढताना तिनं हात तोंडावर नेला नाही. सगळे वरचे दात दिसत होते, सरळ, एका ओळीत. श्वास संपला तशी दुसरी काढली. मग तिसरी. परीक्षकसुद्धा हसून टाळ्या वाजवत होते आणि हदीर खाली मान घालून उभी होती.

ती संपली तेव्हा शुरूक तिच्या कानाशी आली. लोकांना वाटलं गालाचा मुका घेतेय.

"दोन वर्षं फुकट तारा लावल्यास," ती म्हणाली. "फिटलं ते. आता माझ्या दाराशी येऊ नकोस."

उम्म शुरूक धापा टाकत वर आली. दोघींना तिनं एकमेकींशेजारी उभं केलं आणि मोबाइल उंच धरला. "हसा गं," ती म्हणाली, "दोघी माझ्याच लेकी." शुरूक हसली. हदीरही हसली.

पुढच्याच महिन्यात शुरूक कुवेतला गेली. हदीरचे फोन ती घेत नाही. आईला तिनं काही सांगितलेलं नाही, त्यामुळे समोरून ताट अजून येतं. हल्ली ते उम्म शुरूक स्वतः घेऊन येते. दोघींचा तो फोटो तिनं मोठा करून दिवाणखान्यात लावलाय आणि आल्यागेल्या बाईला दाखवते, "ओळख बरं, यातला भरलेला दात कुठला?" कुणालाही ओळखता येत नाही. मग त्या आपापल्या मुलींना हदीरकडे पाठवतात. डॉ. इस्मतनी नवा अभ्यास काढलाय, आणि त्याला तोंडांची कमतरता पडलेली नाही.